गाळलेलं जातं कुठे?

अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात चाकांवरच्या घरांची वस्ती उतरते. कॅम्पातल्या नळाला पाइप जोडताना जाणती मंडळी मध्ये आधी गाळ अडवणारा आणि मग क्लोरीन शोषणारा कार्बनचा फिल्टर बसवतात. शेजारी सॉफ्टनरची टाकी असते. तिच्यातले रेझिनचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात, बदल्यात सोडियम देतात. मणी भरले, की मिठाचं पाणी सोडून धुवायचे.

आणि ते खारट धोवण?

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा खोऱ्यात घरोघरच्या सॉफ्टनरमधलं क्लोराइड सांडपाण्यातून नदीत पोचलं. खालच्या अंगाला स्ट्रॉबेरी आणि अ‍ॅव्होकॅडोचे मळे. 2008 मध्ये मतदारांनीच असे सॉफ्टनर काढण्याचा कौल दिला.

जैन परंपरेला हा प्रश्न जुनाच आहे. पाणी दुहेरी जाड कापडातून गाळलं, की काम संपत नाही. कापड उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओततात. कापडात अडकलेले बारीक जीव घेऊन उतरणारं हे पाणी म्हणजे जिवाणी. ती ज्या विहिरीचं पाणी, तिथेच परत जाते; वरून फेकायची नाही, भांडं पाण्यापर्यंत अलगद उतरवायचं. म्हणजे काढून टाकलेल्याचीही जबाबदारी गाळणाऱ्यावरच. मिठाला जीव नाही, असं धरू. पण ज्या मळ्यात ते उतरतं, तिथल्या झाडांना आहे, आणि म्हणून हा विचार सॉफ्टनरलाही लागू पडतो.

सांता क्लॅरिटात टाकी उचलून नेऊन दुसरीकडे धुणारी सेवा मात्र चालू राहिली. धोवणाची विल्हेवाट तेव्हा त्या सेवेला लावावी लागते.