वर्णनाचा हक्क कुणाचा?

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला 2016-17 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरचीला भिवापूरचं नाव कुणी लावायचं, याची हद्द कायद्यानं आखली. अधिकृत वापरकर्त्यांची नोंद होते आणि दर दहा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. गुगलवर मात्र ही हद्द कुठेच नाही. वेब पानाच्या शीर्षकात ‘अस्सल भिवापुरी’ असं कुणीही लिहावं, मग पोत्यातली मिरची कुठलीही असो.

एके काळी तर पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या कीवर्ड टॅगमध्ये ‘भिवापूर मिरची, भिवापुरी तिखट, नागपूर मिरची’ अशी माळ ओवली की काम झालं, असं समजलं जाई. या टॅगचा इतका गैरवापर झाला की सप्टेंबर 2009 मध्ये गुगलनं जाहीर करून टाकलं: निकालांचा क्रम लावताना कीवर्ड टॅग आम्ही विचारात घेत नाही, आणि मेटा वर्णन, म्हणजे पानाबद्दल आपणच लिहून दिलेला सारांश, तोही नाही. वर्णनाचा उपयोग उरला तो एवढाच, की निकालात ते वाचून माणसाला पान उघडावंसं वाटावं. तेही स्थिर राहिलं नाही. डिसेंबर 2017 मध्ये निकालाखालचा मजकूर लांबला, तेव्हा अनेकांनी आपली वर्णनं वाढवली. मे 2018 पर्यंत तो पुन्हा आखडला. सगळी मेहनत पाण्यात! ऑगस्ट 2021 मध्ये शीर्षकं दाखवण्याची पद्धत बदलली आणि आपण दिलेल्या शीर्षकाऐवजी पानावरचा दुसराच मजकूर वर झळकणं ही नेहमीची गोष्ट झाली.

स्वतःबद्दल स्वतः बोलण्याचा हक्क असा हळूहळू यंत्राकडे गेला. मला हे खटकतं. पण त्यामागचं कारण मी नाकारू शकत नाही, कारण दाव्यावर विश्वास ठेवला की फसवणारा पुढे जातो आणि भिवापूरचा शेतकरी मागे राहतो. संकरित वाणांनी आधीच या मिरचीचं शिवार आक्रसून टाकलंय; नावही गेलं तर उरणार काय?

म्हणून प्रत्येक बदलामागे धावून टॅग दुरुस्त करत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. शीर्षक नेमकं असावं, वर्णन खरं असावं, एवढं नीट करून बाकीचा वेळ पानावरच्या मजकुराला द्यावा. डिसेंबर 2019 मध्ये गुगलनं बर्ट ही भाषा समजून घेणारी प्रणाली मराठीसह सत्तरहून अधिक भाषांच्या शोधाला लावली, तेव्हापासून शब्दांच्या माळेपेक्षा वाक्याला अधिक किंमत आहे. मग वाक्यं लिहावीत. जाड सालीची ही मिरची वाळताना कशी दिसते, तिचा लाल रंग रश्श्यात कसा उतरतो, सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, बसून बाया देठ कसे खुडतात, दिवसभर हात कसे भगभगतात, मजुरी किलोवर कशी ठरते. दुसऱ्या गावात बसून हे कुणाला लिहिता येणार नाही. आज शोधयंत्र निकालाच्या वरच तयार उत्तर मांडू लागलंय आणि वाचक पानापर्यंत येईलच असं नाही. तरी ते उत्तर कुणाच्या तरी मजकुरातूनच बनतं. तो मजकूर भिवापूरकरांनी, मराठीत, आपल्या नावानिशी लिहिलेला असावा, अशी माझी मागणी आहे.