जिंकल्यानंतरचा दिवस

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा भाचा पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आला होता. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दुपारी जेवणे आटोपली की तो पडद्यासमोर बसून एक खेळ खेळे, आणि मी उत्तरपत्रिका तपासण्याचे निमित्त करून त्याच्या मागे बसे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. अडले की तो सांगे. दोन-तीन दिवसांनी उत्तरपत्रिका बाजूला पडल्या आणि मी उघडपणेच पाहू लागले. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला कुणाच्याही गोष्टीत नाक खुपसण्याची खोडच असते.

खेळाचे नाव ‘फॉलआउट ४’. तो २०१५ साली निघाला. २०७७ साली अणुयुद्ध होऊन जग बेचिराख झाले आहे, आणि त्यानंतर दोनशे दहा वर्षांनी बॉस्टन शहराच्या अवशेषांत जी माणसे कशीबशी तगून आहेत, त्यांची ही गोष्ट. त्या उजाड मुलखात चार तट आहेत. जमिनीखाली राहून हुबेहूब माणसासारखे कृत्रिम मानव घडवणारी ‘इन्स्टिट्यूट’. जुन्या जगाचे यंत्रज्ञान ताब्यात घ्यायला प्रचंड वायुनौकेतून आलेले करड्या शिस्तीचे ‘ब्रदरहुड’. त्या कृत्रिम मानवांना दास्यातून सोडवणारी गुप्त संघटना ‘रेलरोड’. आणि साध्यासुध्या वस्त्यांची राखण करणारे ‘मिनिटमेन’. खेळणाऱ्याने यांतला एक पक्ष धरायचा असतो.

‘‘मावशी, तू कुणाच्या बाजूने गेली असतीस?’’ भाच्याने विचारले.

‘‘ज्यांच्याकडे सामान कमी आहे त्यांच्या,’’ मी म्हणाले. तो हसला. त्याने ब्रदरहुड निवडले होते. त्यांची चिलखते चांगली होती.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट लक्षात ठेवावी. कुठलाही पक्ष धरला, तरी इन्स्टिट्यूटमध्ये शिरण्यासाठी एक चिप उलगडावी लागते, आणि ती विद्या फक्त रेलरोडच्या लोकांना अवगत असते. त्यांचा ठिकाणा ओल्ड नॉर्थ चर्चच्या तळघरात. हे चर्च खरेच बॉस्टनमध्ये आहे. ते १७२३ सालचे. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रजांच्या हालचालीची खूण म्हणून त्याच्या मनोऱ्यावर दोन कंदील लावले गेले, ही कथा अमेरिकेतली शाळकरी मुलेही जाणतात. रेलरोड हे नावही इतिहासातलेच. एकोणिसाव्या शतकात गुलामांना गुपचूप स्वातंत्र्याच्या वाटेला लावणाऱ्यांच्या जाळ्याला तेच नाव होते. तर, भाचा त्या तळघरात गेला, त्या लोकांनी चिप उलगडून दिली, आणि त्याचे काम झाले. पुढे काही दिवसांनी ब्रदरहुडचा हुकूम आला, की रेलरोड संपवा. तो त्याच तळघरात पुन्हा उतरला. दहा-पंधरा मिनिटांत सारे आटोपले.

मी त्याला काही बोलले नाही. तो पक्षाचा माणूस होता, हुकूम मानत होता. पुढे त्याने इन्स्टिट्यूटही उडवून दिली आणि युद्ध जिंकले. त्याला बढती मिळाली.

पण खेळ तिथे संपत नाही, आणि माझे कुतूहल खरे तिथे सुरू झाले. ‘‘आता काय?’’ मी विचारले. तो हिंडून दाखवू लागला. बेसबॉलच्या जुन्या मैदानात वसलेल्या गावात दुकाने उघडी होती. रेडिओवर स्फोटाची बातमी लागली. रस्त्यावरची माणसे इन्स्टिट्यूटबद्दल दोन शब्द बोलली, आणि वस्तूंचे भाव पूर्वीसारखेच सांगू लागली. चर्चच्या तळघरातल्या माणसांचे काय झाले, हे मात्र आमच्या समोर एकानेही विचारले नाही. ज्यांनी उपकार केले त्यांना मारून हा माणूस बाजारात शिरला, आणि बाजाराने त्याला दारूगोळा विकला.

‘‘असा कसा रे हा खेळ?’’ मी म्हटले. ‘‘जिंकणाऱ्याला कुणी जाबच विचारत नाही?’’

‘‘मावशी, खेळ आहे. सगळे जाब विचारायला लागले तर खेळेल कोण? आणि प्रत्येक शक्यतेची वेगळी वाक्ये लिहायची, नटांकडून बोलून घ्यायची म्हणजे केवढे काम.’’

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मीही लेखिका आहे. संघर्षाचा कळस लिहून झाला की हात दमतो, आणि पुढचे सारे एका परिच्छेदात उरकावेसे वाटते. मग त्यानेच मला याच मालिकेतल्या दुसऱ्या खेळाबद्दल सांगितले. तो २०१० सालचा ‘न्यू व्हेगस’. तिथे कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणासाठी तट लढतात. लढाई झाली की खेळ संपतो आणि पडद्यावर एकामागून एक चित्रे येतात. अमक्या गावाचे पुढे काय झाले, तमक्या टोळीचे काय झाले, हे निवेदक सांगत जातो. तुमच्या प्रत्येक कृत्याचा जमाखर्च वाचून दाखवला जातो. जणू चित्रगुप्ताची वही.

मला आधी वाटले, हाच खेळ अधिक नीतिमान. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर विचार पालटला. चित्रगुप्त वही वाचतो ते मेल्यानंतर. जिवंतपणी कोण वाचतो? जिंकल्यानंतरचा दिवस उजाडतो तो दूधवाल्याच्या हाकेने, निवेदकाच्या आवाजाने नव्हे. त्या दृष्टीने मुकाट्याने चालू राहणारा बॉस्टनचा बाजारच आपल्या जगण्याच्या जास्त जवळचा आहे.

व्यासांनी हे ओळखले होते. महाभारतातले युद्ध अठरा दिवसांचे. पण युद्ध संपल्यावर ग्रंथ संपत नाही, आणखी आठ पर्वे उरतात. आधी स्त्रीपर्व येते. बायका रणांगणावर आपापली माणसे शोधत हिंडतात. कर्ण आपला थोरला भाऊ होता, हे युधिष्ठिराला जिंकल्यानंतर कळते, आणि हातात आलेले राज्य त्याला नकोसे होते. कुणी जाब विचारो न विचारो, तो स्वतःला विचारतो. या खेळातही इन्स्टिट्यूटचा प्रमुख हा नायकाचा हरवलेला मुलगाच निघतो. कर्णाची आठवण मला तिथेच झाली होती. फरक एवढाच, की खेळातला नायक दुसऱ्या दिवशी कोणत्या मनाने उठला, हे सांगायला व्यास नव्हते.

आणि मी तरी कोणत्या मनाने उठले होते? काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते, तिथे शिक्षकांत दोन तट पडले. कारण आता सांगण्यासारखेही नाही. एका शिक्षिकेविरुद्ध अर्ज झाला आणि त्यावर मी सही केली. अर्जातला मजकूर खरा होता, असे मला आजही वाटते. पण मी नवीन असताना सहा महिने आपल्या डब्यातली पोळी-भाजी मला देणाऱ्या आणि फळ्यावर कसे लिहावे हे शिकवणाऱ्या बाई त्याच होत्या. त्या शाळा सोडून गेल्या. दुसऱ्या दिवशी साडेदहाला घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरी झाली. मला कुणीही काही विचारले नाही. त्या न विचारण्यालाच मी इतकी वर्षे निर्दोषपणा समजत आले.

पक्ष घेणे हे पाप नव्हे. पक्ष न घेता जगणारा माणूस बहुधा दुसऱ्यांनी घेतलेल्या पक्षाच्या सावलीत बसलेला असतो. पण आपली बाजू खरी ठरली म्हणजे समोरच्याचे देणे फिटले, असे होत नाही. बाजू न्यायाची असू शकते आणि ऋण तरीही बाकी राहू शकते. या दोन वेगळ्या वह्या आहेत. जिंकणारा पहिली वही सर्वांना दाखवतो आणि दुसरी हरवली म्हणून सांगतो.

जाण्यापूर्वी भाच्याने खेळ पुन्हा मांडला. या वेळी तो मिनिटमेनच्या बाजूने गेला. त्या वाटेने रेलरोडला हात लावावा लागत नाही. शेवटी इन्स्टिट्यूट उडवण्याची वेळ आली, तेव्हा तो एका यंत्रापाशी थांबला. तिथून आतल्या माणसांना बाहेर पडण्याचा इशारा देता येतो. तो दिलाच पाहिजे असे नाही. न देताही युद्ध जिंकता येते.

‘‘मागच्या वेळी दिला होतास?’’ मी विचारले.

‘‘नाही. तेव्हा घाई होती.’’

त्याने इशारा दिला. माझ्याकडे वळून पाहिले नाही, पण मला बरे वाटले.

तो गेल्यावर मी जुनी वही काढली. त्या बाई आता त्यांच्या मुलाकडे, नाशिकला असतात. पत्ता माझ्याकडे होताच. तो नेहमीच होता. पत्रात आरंभी काय लिहावे हे मला अजून सुचलेले नाही. सही मात्र कशी करायची ते ठाऊक आहे.