निर्हेतुक दृष्टी आणि राखीव किनारा

सागरतीरावरील ऐश्वर्यशाली रिसॉर्टविषयीचा नैतिक प्रश्न बहुधा चैनीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. तो गैरलागू नाही. परंतु त्याने सौंदर्यशास्त्राला धक्का पोहोचत नाही. कांटने 1790 मध्येच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. समोरचा राजवाडा सुंदर आहे काय, असे विचारले असता कोणी रूसोच्या सुरात, प्रजेचा घाम अशा वास्तूंवर उधळणाऱ्या बड्यांची निंदा करील. कांट म्हणतो : ते सारे मान्य, पण विचारले होते ते हे नव्हे. सौंदर्याचा आनंद हितसंबंधनिरपेक्ष असतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’च्या (1974) वाचकाला ही भूमिका परिचित आहे.

तेरेखोलच्या संदर्भात मात्र हे उत्तर अपुरे पडते. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावरचे हे गाव प्रशासनाने गोव्याचे, भूगोलाने मात्र सिंधुदुर्गातील रेडी-शिरोड्याला लागून. तेथे 18 होलचे गोल्फ मैदान आणि पंचतारांकित हॉटेल उभारण्याची योजना आली, तेव्हा जमीन कसणाऱ्यांनी कुळहक्काच्या आधारे विरोध केला आणि वाद न्यायालयांत गेला.

कांटचा राजवाडा प्रेक्षकापुढे आयता उभा आहे. गोल्फची हिरवळ प्रेक्षकासाठीच घडवावी लागते. कोकणच्या सड्यावरचे गवत पावसाळ्यानंतर पिवळे पडते. ते बारमाही हिरवे राखायचे तर पाणी हवे, आणि काजू वेचणारी बाई त्या चित्रात नको. कारण तिच्यासोबत ‘हेतू’ परत येतो. म्हणजे निर्हेतुकता ही येथे पाहणाऱ्याची मनोवस्था राहत नाही. ती आधीच जमिनीवर अमलात आणलेली असते.

यावर आक्षेप येईल की देवराईतही कुऱ्हाडीला मज्जाव असतोच. खरे आहे. परंतु तो निर्बंध गावाने स्वतःवर घातलेला असतो. किंमत मोजणाऱ्यालाच प्रवेश, अशी त्याची अट नसते. भेद मज्जावात नाही, तो घालणाऱ्याच्या अधिकारात आहे.

खरी अडचण कांटच्याच दुसऱ्या सिद्धान्तातून उद्भवते. ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा केवळ आपली आवड सांगत नाही. सर्वांनी सहमत व्हावे अशी त्याची अपेक्षा असते. राखीव किनाऱ्यावरचा पाहुणा ज्यांची संमती गृहीत धरतो, त्यांनाच कुंपणाबाहेर ठेवून तो हा निर्णय देतो. त्याचा आनंद खोटा नव्हे. त्याच्या विधानाचा दावा मात्र पोकळ ठरतो. चैनीचा प्रश्न सौंदर्यविचाराच्या बाहेरचा होता. हा आतला आहे.

दोना पावलाजवळील वायंगिणी किनाऱ्याकडे एका हॉटेलालगतून जाणाऱ्या वाटेसंबंधी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. लोकांची वाट मोकळी राहिली पाहिजे, आणि अशी साधनसंपत्ती शासनाकडे जनतेची ठेव म्हणून असते, हे त्याचे सूत्र. न्यायालयापुढे सौंदर्यशास्त्र नव्हते. तरीही त्या वाटेवरून येणारा रापणकार आणि खोलीचे भाडे भरणारा पाहुणा एकाच समुद्राविषयी बोलू शकतात, प्रसंगी वादही घालू शकतात. सार्वत्रिक संमतीची भाषा तेथेच अर्थपूर्ण होते. जेथे असहमत होणाऱ्याला पोहोचण्याची वाटच नाही, तेथे अभिरुचीचा निर्णय हा मालकीच्या दस्तऐवजाचा केवळ एक परिच्छेद असतो.