पेटीची किल्ली

मुलाच्या पेटीची किल्ली बापानें मागावी कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या घरांतून पूर्वी फारसा निघत नसे. मुलाची म्हणून जी एक पत्र्याची ट्रंक असे, तींत चार कपडे, एखादें बक्षिसाचें पुस्तक आणि मित्रांचीं दोनचार पत्रें यांपलीकडे कांहीं असण्याचा संभव नव्हता. आणि असलेंच तर तें आईला किल्लीवांचून कळत असे. आतां मुलांच्या हातीं जी पेटी आली आहे तिला तळच नाहीं.

गेल्या महिन्यांत माझ्या एका स्नेह्यानें मला विचारलें, "पंधरा वर्षांच्या मुलीचा फोन तिच्या नकळत पाहणें हें पाप कीं कर्तव्य?" मीं फारसा विचार न करितां उत्तर दिलें, "कर्तव्य." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तें कर्तव्य मीं केलें आहे, आणि पुढें काय करावें तें मला समजत नाहीं." झालें होतें तें असें. मुलगी अलीकडे जेवतांना बोलत नसे. रात्रीं उशिरापर्यंत तिच्या खोलींत उजेड दिसे. एके दिवशीं ती स्नानाला गेली असतां त्यानें तिचा फोन उघडला. वाईट संगत, कोणाचें प्रेमपत्र, ज्या ज्या गोष्टींची त्याला धास्ती होती त्यांपैकीं एकही त्यांत नव्हती. मैत्रिणीला लिहिलेलें एक वाक्य मात्र होतें: रात्रीं सगळ्यांचे फोटो पाहून झाले कीं आरशांत पाहावेंसें वाटत नाहीं.

आतां या बापाची अडचण पाहा. मुलीला काय सलतें आहे हें त्याला कळलें. पण तें कळल्याचें तिला कळूं देण्याची सोय राहिली नाहीं. "तूं किती छान दिसतेस" असें तो आज म्हणाला, तर आजच कां, असें ती मनांत म्हणेल. आणि तें तिनें बोलून दाखविलें तर याच्यापाशीं उत्तर नाहीं. चोरून मिळविलेल्या माहितीच्या आधारें शिक्षा करितां येते, सांत्वन करितां येत नाहीं. पोलिसाचें काम तेवढ्यानें भागतें, बापाचें भागत नाहीं.

परंतु एवढ्यावरून 'पाहूंच नये' असा निकाल देऊन मोकळें होणेंही मला साधत नाहीं. २०१७ सालच्या नोव्हेंबरांत लंडनमधील एका चौदा वर्षांच्या मुलीनें आपल्या जीविताचा अंत करून घेतला. तिच्या फोनमध्यें काय चाललें होतें याची घरच्यांना कल्पना नव्हती. पुढें २०२२ सालीं कॉरोनरपुढें चौकशी झाली. तींत असें बाहेर आलें कीं, शेवटच्या सहा महिन्यांत इन्स्टाग्रामवर तिनें जपून ठेवलेल्या, पसंत केलेल्या किंवा इतरांना पाठविलेल्या १६,३०० नोंदींपैकीं २,१०० नैराश्य, आत्मपीडा व आत्महत्या यांविषयींच्या होत्या. कॉरोनरनें आपल्या निष्कर्षांत तिच्या नैराश्याबरोबर या मजकुराच्या दुष्परिणामांचाही स्पष्ट उल्लेख केला. हें वाचल्यावर मुलीच्या खाजगीपणाची गोष्ट काढण्यास जीभ रेटत नाहीं.

तरीपण त्याच निष्कर्षांत आणखी एक गोष्ट आहे. यांतील कांहीं मजकूर त्या मुलीनें मागितलाही नव्हता. यंत्रानें तो निवडून तिच्यापुढें ठेविला होता. आपण एखाद्या उदास चित्रापाशीं क्षणभर थबकलों कीं यंत्र त्याची नोंद घेतें आणि तशींच आणखी चित्रें पुढें करितें. त्याला दुःख कळत नाहीं, थबकणें तेवढें कळतें. म्हणजे या पेटींत दोन अगदीं निरनिराळ्या वस्तु एकत्र पडल्या आहेत. एक, मुलीनें मैत्रिणीला लिहिलेलें. दुसरी, कोणा दूरच्या कंपनीनें तिच्यापुढें ओतलेलें. पहिली सर्वस्वी तिची. दुसरी तिची नव्हेच. ती पाहणें म्हणजे आपल्या माजघरांत रोज कोण येऊन बसतें याची चौकशी करणें होय, आणि तो घरच्यांचा हक्कच आहे. हा पाहुणा निरुपद्रवी नाहीं हें त्याच्या यजमानांसही ठाऊक होतें. आपल्या शरीराविषयीं आधींच वाईट वाटत असतां इन्स्टाग्राममुळें तें अधिकच वाटूं लागतें, असें ३२ टक्के मुलींनीं सांगितल्याचें त्या कंपनीच्याच संशोधकांनीं लिहून ठेविलें होतें. २०२१ सालीं तीं कागदपत्रें बाहेर आलीं.

हा भेद कागदावर दिसतो तितका स्वच्छ नाहीं, हें मला कबूल आहे. छळ करणाऱ्या सोबत्यांचे निरोप मैत्रिणींच्या पत्रांच्याच वाटेनें येतात. आणि मूल स्वतःच्या जिवाला अपाय करील अशी खरी शंका आली, तर मी कोणताही भेद पाळणार नाहीं. किल्ली मागेन, न मिळाल्यास कुलूप फोडीन, आणि त्याच दिवशीं मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाईन. पण तेंही मुलाच्या देखत. आग लागलेल्या घरांत कोणी चोरपावलांनीं शिरत नाहीं.

एरव्हीं काय करावें? शेजारीं बसावें आणि म्हणावें, "हें यंत्र तुला दिवसभर काय दाखवितें तें मला दाखव." यावर मुलगी जर म्हणाली, "आधीं तुमचें दाखवा," तर आम्हां वडीलधाऱ्यांची खरी पंचाईत होते. माझ्या मागच्या लेखावर कोणी काय म्हटलें हें पाहण्यासाठीं मीं एका दिवसांत किती वेळां फोन उघडला, तें येथें न सांगणेंच बरें. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांचीं असलीं खातीं ठेवण्यास कंपन्यांना मनाई केली. कायद्याचें काम कायदा करो. मला त्याहून सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव अधिक जवळचें वाटतें. त्या गांवानें २०२२ सालीं संध्याकाळीं सात वाजतां भोंगा वाजविण्यास प्रारंभ केला. भोंगा झाला कीं दूरदर्शनसंच आणि फोन बंद. मुलांनीं अभ्यासाला बसावयाचें. साडेआठाला दुसरा भोंगा होईपर्यंत तसेंच चालावयाचें. दीड तासानें कोणाच्या मनाची व्यथा नाहींशी होते असें मी म्हणत नाहीं. पण तो भोंगा बापाच्याही कानीं पडतो, आणि मुलाबरोबर त्याचाही फोन खालीं ठेवला जातो.

मीं स्नेह्याला सांगितलें कीं, फोन पाहिल्याचें मुलीला सांगून टाक. तो म्हणाला, "ती रागावेल." मीं म्हटलें, रागावेलच, आणि कांहीं दिवस तो राग तुला सोसावा लागेल. काल तो पुन्हां भेटला. अद्याप त्यानें सांगितलेलें नाहीं. मात्र रात्रीं जेवण झालें कीं आपला फोन तो बाहेरच्या खोलींतील फडताळांत ठेवूं लागला आहे. तिसऱ्या रात्रीं मुलगी आपण होऊन त्याच्यापाशीं आली आणि तिनें विचारलें, "बाबा, तुमचा फोन बिघडला कां?"