तुलनेचे माप कोणाचे?

भालचंद्र नेमाडे यांच्या अध्यापकीय कारकिर्दीत एक विसंगती प्रथमदर्शनी जाणवते. डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान व मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेले, लंडन विद्यापीठात मराठी शिकविलेले, गोवा विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक आणि अखेरीस मुंबई विद्यापीठातील तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर असलेले नेमाडे हेच मराठीतील देशीवादाचे सर्वांत आग्रही प्रवक्ते ठरले. तुकारामांवरील त्यांची १९८० ची पुस्तिका तर इंग्रजीत आहे!

ही विसंगती वरवरचीच म्हणावी लागेल. अनेक परंपरा शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्यालाच एका परंपरेचे निकष सार्वत्रिक म्हणून कसे खपविले जातात, हे दिसू शकते. नेमाड्यांचा आक्षेप तुलनेला नाही. तुलनेतील दोन पक्षांपैकी एकानेच मापही पुरवावे, या व्यवस्थेला आहे. म्हणजे प्रश्न साहित्यशास्त्रीय असण्यापूर्वी न्यायाचा आहे.

मात्र न्यायाचा म्हटल्यावर तो देशाच्या सीमेपाशी थांबत नाही. नेमाड्यांच्या खानदेशाला लागून असलेल्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. भ्रूणहत्येच्या आरोपावरून सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेली शिक्षा आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर उठलेली झोड हे तिचे निमित्त. ताराबाई स्त्रियांना लावलेले दुर्गुण एकेक करून उचलतात आणि तेच माप पुरुषांना लावून पाहतात. त्यांच्या तडाख्यातून पुराणकथा सुटत नाहीत, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या तत्कालीन कादंबऱ्याही सुटत नाहीत. (मराठी समीक्षेच्या इतिहासात या भागाची दखल फारशी घेतली जात नाही, हे नोंदवायला हवे.) पद्धत नेमाड्यांचीच: ज्याच्या हाती माप आहे, त्याच्या मापावर संशय घेणे. भाषाही देशीच, रोखठोक, बोलीचा ठसका असलेली. फरक एवढाच, की येथे माप हाती असलेला पक्ष परका नाही. तो घरातला आहे.

देशीवादाची खरी परीक्षा या ठिकाणी होते. प्रत्येक संस्कृतीचे साहित्य तिच्याच मूल्यांनी जोखावे, हे मान्य केले, तरी ‘तिची मूल्ये’ कोणी ठरविली, हा प्रश्न उरतोच. नेमाड्यांनी वारकरी व महानुभाव परंपरांकडे वळून त्याचे एक सबळ उत्तर दिले. अभिजनांच्या मापाविरुद्ध ते पुरेसे आहे. ताराबाईंच्या प्रश्नाला पुरेसे नाही, कारण ज्यांच्यावर त्यांचा रोख होता ते पुरुष केवळ अभिजन नव्हते.

जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. इंग्रजी मूल्यव्यवस्थेने आपले बरेच काही झाकले, हे खरे. या नव्वद वर्षांचा हिशेब मात्र तिच्या एकटीच्या नावे मांडता येत नाही.