उंबरठ्याआतले मांजर

मांजर मारल्याचे पातक सोन्याचे मांजर दान केल्याखेरीज फिटत नाही, अशी समजूत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिची आज थट्टा करणे सोपे आहे. परंतु एका मुक्या जिवाचे मोल सोन्याने करण्याची बुद्धी ज्यांस झाली, ते अगदीच निर्दय नव्हते, हे कबूल केले पाहिजे. मात्र त्यांच्या हिशेबात एक मोठी उणीव राहून गेली. हाताने मारलेल्या मांजराची नोंद त्यात आहे. आपल्या बेपर्वाईने मेलेल्या मांजराची नाही. आणि अतिशय जपून ज्याचे जिणे आपण बेचव करून टाकले, त्या मांजराची तर मुळीच नाही. या उरलेल्या दोन मांजरांविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचे बालपण धुळ्यास गेले. घर जुन्या खानदेशी पद्धतीचे, धाब्याचे. आमच्या धाब्यास शेजाऱ्याचे धाबे लागून, त्याच्यास पलीकडच्याचे. मांजरांस तो सलग राजमार्गच होता. ती घरात येत, चुलीच्या उबेस निजत, उंदीर मारीत, शिंक्याकडे पाहत बसत आणि मनास येईल तेव्हा निघून जात. ती आमची होती की आम्ही त्यांचे, हे कोणी विचारले नाही. पुढे शहर वाढले. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यास एकमेकांस छेदतात. त्यांवरील रहदारी वाढत गेली. एके पहाटे घरातली तांबूस मांजरी रस्त्याच्या कडेला मरून पडलेली सापडली. माळ्यावर तिची चार पिले होती. त्यांचे डोळेही पुरते उघडले नव्हते. आजीने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून पाहिले. एकही जगले नाही. मांजरीस घरातल्या कोणी मारले नव्हते, त्यामुळे पातक कोणासच लागले नाही. पण त्या दिवशी आजी जेवली नाही.

आता आम्ही जळगावी तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात एक मनी आहे. गॅलरीस जाळी, खिडक्यांस जाळी. गेल्या सहा वर्षांत तिने उंबरठा ओलांडलेला नाही. येणारे-जाणारे तिचे कौतुक करतात, आणि मग एखादा स्पष्टवक्ता पाहुणा विचारतो, "हा तुरुंगच नव्हे काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

मांजर हे माणसाने जिंकून आणलेले जनावर नव्हे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, धान्यापाशी उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरे आपण होऊन आली, असे संशोधक मानतात. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. बैलास आपण वेसण घातली, घोड्यास लगाम घातला; मांजराशी मात्र आपला करार येण्याजाण्याच्या मोकळिकीचा होता. दार लावणारा मनुष्य हा करार मोडतो, हा आरोप आम्हांस मान्य आहे. पण जगाने तो आधीच मोडला होता. कणग्या गेल्या, बळदे गेली, सलग धाबी गेली. आज मांजरास दाराबाहेर सोडणे म्हणजे रानात सोडणे नव्हे. ते भरधाव ट्रकांपुढे, मोकाट कुत्र्यांपुढे आणि उंदरांसाठी टाकलेल्या विषापुढे सोडणे होय. शिवाय अंगणातल्या चिमण्या-खारींचीही बाजू या वादात आहे.

तरीही 'तुझ्याच सुरक्षिततेसाठी' हे शब्द उच्चारताना आमची जीभ अडखळते. याच शब्दांनी आपल्या समाजाने स्त्रियांस माजघरात ठेवले. बाहेर जग वाईट, आत सर्व काही मिळते, मग तक्रार कशाची? आमच्या आजीने हा युक्तिवाद जन्मभर ऐकला होता. आजीच्या बाबतीत जो अन्याय, तो मनीच्या बाबतीत न्याय कसा? आमचे उत्तर असे. माणसास धोका सांगता येतो. तो पत्करावयाचा की नाही, हे त्याचे त्यास ठरविता येते. आणि रस्ता वाईट असेल तर रस्ता सुधारावयाचा असतो, चालणारीस कोंडावयाचे नसते. मांजरास महामार्ग समजावून सांगता येत नाही. संमती विचारता येत असून न विचारणे हा जुलूम होय. जेथे ती विचारताच येत नाही, तेथे कोणीतरी निर्णय घेणे भाग आहे. परंतु एवढ्याने निर्णय घेणारा निर्दोष सुटत नाही. मनीस पिले होऊ नयेत म्हणून आम्ही शस्त्रक्रिया करविली, तेव्हाही तिला विचारले नव्हते. ज्यास विचारता येत नाही, त्यास अधिक निरखून पाहणे हे आपले कर्तव्य ठरते.

मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल उसळली आणि १८३४ साली तेथे पांजरपोळाची स्थापना झाली. ज्या संस्थेचा हेतू जीवदया, तिच्या नावातच पिंजरा आहे. ही जवळीक विसरण्यासारखी नाही. जीव वाचविला की दयेचे काम संपले, असे मानणाऱ्याच्या हातून दयेचाच पिंजरा होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने, हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात जनावर ठेवणे गुन्हा ठरविले आहे. पण कायदा अंग हलविण्यापुरती जागा पाहतो. मन रमण्याची जागा आपणच पाहावयाची.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, जो दार लावतो तो कर्जदार होतो. बाहेरचे जे जग त्याने काढून घेतले, ते आत भरून देणे हे त्याचे देणे. मांजर पहाटे व तिन्हीसांजेस शिकारीस निघणारे. त्या वेळी दोरीस चिंधी बांधून तिच्यापुढे पळविणे हा पोरखेळ नव्हे, त्या कर्जाचा हप्ता आहे. चढण्यास उंच फळ्या, नखे घासण्यास सुतळी गुंडाळलेला खांब, लपण्यास एखादे खोके, खिडकीपाशी बसावयास जागा, रोज साफ केलेले वाळूचे घमेले, हेही हप्तेच. वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा मोरीजवळची गार फरशी तिला मोकळी हवी आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी हवीत. घर बंद करून चार दिवस लग्नास जाणे आणि मांजरास वाटीभर दुधाच्या भरवशावर ठेवणे, हे कर्ज बुडविणेच होय.

सर्वांत कठीण हप्ता अन्नाचा निघाला. आमचे घर पिढीजात शाकाहारी. मांजर दूध-भाकरीवर जगते, असा आमचा समज होता. वास्तविक धुळ्याची ती मांजरे उंदरांवर जगत होती. पुष्कळ मोठ्या मांजरांस दूध नीट पचतही नाही. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते त्यास मांसातून मिळते. ते न मिळाल्यास डोळ्यांतील पडदा खराब होतो, हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे दार लावून आम्ही तिचे उंदीर काढून घेतले आणि तिच्या ताटात आमचा धर्म वाढला. घरात वाद झाला. आई म्हणाली, "व्रत आपले आणि घरही आपले." आम्ही म्हटले, "आई, व्रत आपले खरे. पण पोट तिचे आहे." आई दोन दिवस बोलली नाही. अखेर मांसाचे तयार खाद्य गॅलरीतल्या वेगळ्या भांड्यात ठेवावे, असे ठरले. यामुळे आमच्या अहिंसेस बाधा येत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. बाधा येते, मनीसाठी दुसरे जीव मरतात. पण आपल्या व्रताची किंमत दुसऱ्याच्या डोळ्यांनी चुकविणे, हीही अहिंसा नव्हे. हा पेच ज्यास सोसवत नसेल, त्याने मांजर न पाळणे हेच प्रामाणिकपणाचे.

रामानुजांच्या अनुयायांत पुढे दोन पक्ष पडले. त्यांचा वाद मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर या दोन न्यायांनी सांगतात. वानराचे पिलू आईस स्वतः घट्ट धरून राहते. मांजराचे पिलू काहीच धरीत नाही, आईच त्यास तोंडात धरून नेते. भक्ताने कसे असावे, याचा हा वाद. पण आमच्या मनात येतो तो त्या मांजरीचाच विचार. ज्या दातांनी ती उंदीर फाडते, त्याच दातांनी ती पिलू उचलते आणि त्यास ओरखडाही येऊ देत नाही. दुसऱ्या जिवास सर्वस्वी आपल्या ताब्यात घेणाऱ्याने, आपणांस इतके जपून धरता येते काय, हे आधी स्वतःस विचारावे.

मनी सुखी आहे काय? आम्हांस सांगता येत नाही. सायंकाळी ती जाळीपाशी बसते. समोरच्या कडुनिंबावर साळुंक्या कलकलाट करतात आणि तिच्या शेपटीचे टोक हलत राहते. कधी वाटते, ती रमली आहे. कधी वाटते, दार उघडण्याची वाट पाहत आहे. अशा वेळी आम्ही हातातले पुस्तक खाली ठेवतो आणि चिंधी बांधलेली ती दोरी शोधू लागतो.