एकभुक्ताचा हिशेब

काशीच्या रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे, आणि लगतच्या मेहता घाटाला ते नाव पडलं तेच मुळी तिथल्या रुग्णालयावरून. वेदपाठ आणि दवाखाना असे शेजारी आहेत. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या पट्ट्यातल्या मराठी घरांनी जपलेल्या उपासांबद्दल आज जो प्रश्न पडतो तोही या दोहोंच्या मधलाच: वजन वाढलेल्या माणसानं रक्तातली साखर आटोक्यात यावी म्हणून एकादशी धरली, तर ते व्रत की नुसतं पथ्य? माझ्या मते ते व्रतच. आणि व्रत म्हणून नीट केलं तरच त्यातून पथ्यही साधतं.

‘पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं’ हा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत ‘निर्णयसिंधु’ रचला. या धर्मशास्त्रात एकभुक्त म्हणजे दिवसाचा अर्धा भाग उलटल्यावर एकदाच जेवणं, आणि नक्त म्हणजे दिवसभर उपाशी राहून रात्री जेवणं. अमेरिकेत २०१८ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ स्थूल पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनच्या आत दिवसाचं सगळं खाणं संपवायला लावलं. वजन न घटताही इन्सुलिनचं काम सुधारलं, रक्तदाब उतरला. हे एकभुक्ताच्या जवळ जातं. पण मग नक्ताचं काय? शास्त्राला चयापचयच साधायचा असता तर रात्रीचं जेवण व्रतात बसलंच नसतं. शिवाय आठ माणसं म्हणजे फार थोडी. २०२० साली ११६ जणांवर झालेल्या प्रयोगात दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खाणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा फारसं वेगळं घटलं नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथे २०२२ साली १३९ स्थूल माणसांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे दोन्ही गटांचं खाणं सारखंच कमी केलं होतं. एका गटाला वेळेचं बंधन घालूनही वजनात लक्षणीय फरक पडला नाही. घड्याळापेक्षा ताटात काय आणि किती, हेच वजनाला महत्त्वाचं ठरलं.

इथेच व्रताची मूळ रचना आठवावी. रूढ विधीत दशमीला एकदा जेवायचं, एकादशीला निराहार, द्वादशीला पुन्हा एकदाच; तीन दिवसांत चार जेवणं सोडायची. आपण त्याचं काय केलं? रात्री भिजवलेला साबुदाणा सकाळी तुपात परतायचा, मूठमूठ दाण्याचं कूट, बटाट्याच्या फोडी, वर दही. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. एकादशी दुप्पट खाशी, असं आपणच म्हणतो आणि पुन्हा वाडगा पुढे करतो. शास्त्राचा नियम शब्दानं पाळून त्यातला त्याग काढून टाकला, की धर्मही बुडतो आणि साखरही चढते. संकल्पाचं मोल मला इथे दिसतं. तो भुकेच्या आधी सोडलेला असतो, त्यामुळे ताटासमोर बसून मनाशी घासाघीस करावी लागत नाही. आहारतक्ता पाळायचा की नाही हे मात्र रोज नव्यानं ठरवावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, शरीरासाठी केलेला उपास स्वार्थाचा झाला. पण काम्य व्रतांना परंपरेत जागा आहे, आणि आरोग्याची इच्छा त्यात निषिद्ध नाही. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं अचानक जेवण सोडलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अशा माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकभुक्तही करू नये, आणि व्रत मोडेल या धास्तीनं गोळी तर मुळीच चुकवू नये. एकादशीचा नियमसुद्धा आठ वर्षांवरच्या आणि ऐंशीच्या आतल्यांनाच सांगितला आहे. ज्यांनी व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टी परंपरेनं मोजून ठेवल्या आहेत: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द. आठवं औषध.